या चुका टाळा: पोराचा हात प्रेसमध्ये सापडल्यावर

भोसरी एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या कारखान्यात, मी बरीच वर्षं फिटर होतो. बारावीचा पेपर देऊन 'चार पैसे मिळतील' म्हणून आलेली सतरा-अठराची पोरं दर उन्हाळ्यात बघायचो. अपघात एका सेकंदात होतो. पण पुढे हात किती चालेल, हे बरंचसं नंतरच्या काही तासांत आणि तीन-चार महिन्यांत ठरतं, आणि घरचे नेमके तिथेच चुकतात.

लागायच्या आधीचं आधी उरकतो. प्रेसला डबल पुश बटन असतं, दोन्ही हातांनी एकदम दाबायचं, म्हणजे हात डायच्या (दाबणाऱ्या साच्याच्या) बाहेर राहतात. टार्गेटसाठी त्यातलं एक बटन कायमचं दाबून ठेवतात. दोन आइसक्रीमच्या काड्या खुपसून अडकवलेलं बटन मी स्वतः मोकळं केलंय. असं दिसलं तर त्या मशीनवर बसायचं नाही. ड्रिल आणि लेथवर हातमोजे, हातातलं कडं, सुटलेली राखी, काळा दोरा, काहीही नको. मोजा फिरत्या स्पिंडलला अडकला की हातही आत ओढला जातो.

आता बोट तुटल्यावर. घाबरून लोक तुटलेला तुकडा थेट बर्फात टाकतात. बर्फाने मांस गोठून मरतं, मग सर्जन तरी काय जोडणार? तुकडा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. जखमेवर हळद, चहा पावडर, तंबाखू काही लावायचं नाही. स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरायचा. 108 ला फोन करा. दवाखान्यात पोहोचण्याआधीच तिथे हाताचा किंवा प्लास्टिक सर्जन आहे का ते विचारा, नाहीतर नुसती ड्रेसिंग करून पुढे पाठवण्यात वेळ जातो.

सगळ्यात महाग चूक मात्र केसपेपरवर होते. सोबत आलेला सुपरवायझर कानात सांगतो, "घरी दारात बोट चेमटलं म्हण, पोलीस-बिलीस नको." पोरगं मान डोलावतं, आई-वडील अजून गावाहून निघालेले असतात. एकदा 'दारात' असं लिहिलं गेलं की तोच कागद पुढे दोन वर्षं तुमच्याविरुद्ध बोलतो. डॉक्टरांना जागा, मशीन आणि वेळ खरी सांगा, एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्यातली नोंद) करून घ्या. शिफ्टचा मेसेज, पगार जमा झाल्याची एन्ट्री, गेटपासचा फोटो त्याच दिवशी घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवा.

आणि आधार. वय कमी म्हणून चुलत भावाच्या आधारवर लागलेली पोरं मी पाहिलीत. त्याच नावाने केसपेपर निघतो, आणि भरपाई मागायला जावं तर बोट एकाचं, नाव दुसऱ्याचं. म्हणून दवाखान्यात तरी खरं नाव, खरं वय. वय कमी होतं म्हणून भरपाई बुडत नाही. लहान वयाच्या पोराला धोक्याच्या कामावर लावल्याचा जाब मालकालाच द्यायचा असतो.

मग कुणीतरी पाकिटात दहा-वीस हजार आणून कागदावर सही मागतं. थांबा. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तक्त्यात पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के गेली असं धरतात, अंगठ्याला 30 टक्के. पगार 15,000 आणि वय 18 असेल, तर पगाराच्या 60 टक्के गुणिले 226.38 (वयानुसार तक्त्यात दिलेला आकडा), त्याचे 14 टक्के: 2 लाख 85 हजारांच्या वर. ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. पोरगं 18 च्या आतलं असेल तर भरपाई सरकारने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते, पाकिटातले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर मात्र वाट वेगळी: पैसे तिकडून मिळतात, आणि कामाचा पहिलाच दिवस असला तरी अपघाताचा लाभ लागू होतो. अप्रेंटिस असला तरी 1961 च्या कायद्याने मालक जबाबदार. "ट्रेनी आहे, त्याचं काही नसतं" हे ऐकून घेऊ नका.

टाके निघाले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. खरा त्रास तिथून सुरू होतो. दुखतं म्हणून पोरगं हात छातीशी धरून बसतं, व्रण बोट वाकवणाऱ्या आतल्या दोरीला (टेंडनला) चिकटतो, आणि दोन महिन्यांनी मूठ मिटत नाही. फिजिओथेरपी चुकवू नका, पट्टी किंवा स्प्लिंट मनाने काढू नका. टोकाला नुसता स्पर्श झाला तरी झिणझिण्या येत असतील तर डॉक्टरांना विचारून तांदळाच्या डब्यात हात फिरवायला सांगा. थंडीत बाईकवर ठणका मारतो, तो नाटक नव्हे. रात्री दचकून उठणं, दार आपटलं की हात मागे ओढणं, हेही डॉक्टरांना सांगा.

शेवटी एक बारीक गोष्ट. ज्या बोटाने मोबाईल उघडायचा, रेशन दुकानात ठसा द्यायचा, पुढच्या कंपनीत पंचिंग करायचं, तेच बोट गेलेलं असतं. जखम पूर्ण भरली की आधार केंद्रावर जाऊन उरलेल्या बोटांचे ठसे नव्याने द्या.