थरमधला सायकल दौरा: या चुका टाळा

पुण्या-मुंबईचे सायकलवाले राजस्थानात थरच्या वाळवंटाकडे निघतात ते सह्याद्रीत तयार झालेल्या पायांच्या भरवशावर. वरंधा घाट चढणाऱ्याला जैसलमेर ते पोखरण हे साधारण ११० सपाट किलोमीटर म्हणजे किरकोळ वाटतात. पाय खरंच कमी पडत नाहीत, गोची होते ती सवयींची. घाम आला की पाणी प्यायचं, दमलो की पुढच्या टपरीवर टेकायचं, चढ संपला की उतार मिळणारच. तिकडे यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

पहिली चूक रेल्वेचं तिकीट काढतानाच होते. दिवाळीची सुट्टी म्हणजे थंडी, हे गणित दिवाळी ऑक्टोबरात आली की फसतं. जैसलमेरला त्या महिन्यात दुपारी पारा सहज ३६ अंशांच्या आसपास जातो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरा. एप्रिल-मेचा तर विषयच काढू नका. १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदवणारं फलोदी पोखरणहून पुढे बिकानेरला जाताना वाटेतच लागतं. आणि डिसेंबरात ‘पहाटे पाचला निघू’ असं ठरवण्याआधी हेही बघा की जैसलमेरला तेव्हा सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे दोन तास मिट्ट काळोखात, ट्रकच्या सोबतीने.

पाणी प्यायलो, तरी डोकं का दुखतंय?

कोकणात घाम ठिबकतो, अंगाला चिकटतो, कपाळावरून डोळ्यांत उतरतो. थरच्या कोरड्या हवेत तो बाहेर येताच उडून जातो. अंग कोरडं लागतं आणि माणूस समजतो की आपलं छान चाललंय. जर्सीच्या पाठीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या की समजायचं, मीठ गेलं. उन्हात तासाला लिटरभर घाम जाणं काही विशेष नाही.

हे कळल्यावर बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात आणि साधं पाणी ढोसत राहतात. त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. उन्हाचा त्रास समजून माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकरण बिघडतं. दिवसभर भरपूर पाणी प्यायलंय, लघवी पाण्यासारखी होतेय आणि तरी ही लक्षणं आहेत, तर पाणी थांबवा आणि काहीतरी खारट खा. बोलणं असंबद्ध होऊ लागलं किंवा झटका आला, तर थेट दवाखाना.

ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. सायकलची बाटली बहुतेक वेळा ७५० मिलीची, त्यात अख्खी पुडी रिकामी करणारे खूप आहेत. लिटरच्या बाटलीत कालवा, मग ओता. फळांच्या चवीच्या गोड पेयांचे खोके हा ओआरएसला पर्याय नव्हे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण आधी पाण्याचा घोट घेऊन बघा. त्या भागात बऱ्याच ठिकाणी जमिनीतलं पाणी मुळातच खारं असतं. ढाब्यावर पिण्याचं पाणी वेगळं मागून घ्या.

जैसलमेर-पोखरण रस्त्यावर चांदन, लाठी अशी गावं लागतात, पण भर दुपारी दुकान उघडं असेलच असं नाही. माणशी चार लिटर सोबत असू द्या आणि ते वजन पाठीवर न घेता सायकलवर बांधा. घराजवळचा टांका, म्हणजे पाण्याचं टाकं, दिसला तर विचारल्याशिवाय हात लावू नका. पावसाचं साठवलेलं ते पाणी त्या घराला पुढचे कित्येक महिने पुरवायचं असतं. त्यात तोंड धुणं तर शोभतच नाही.

बाटलीवर ओला सुती मोजा चढवा. माठातलं पाणी जसं गार होतं, तसंच हे होतं, आणि कोरड्या हवेत जास्तच चांगलं. कपडेही सैल, पांढरे, पूर्ण बाह्यांचे. गळ्याभोवती ओला पंचा. बिनबाह्यांची जर्सी फोटोपुरती ठीक आहे.

वारा आणि बूड

थरमधला घाट म्हणजे वारा. समोरून आला तर २० चा वेग १२ वर येतो आणि दिवसभर तिथेच राहतो. म्हणून रोजचं नियोजन किलोमीटरवर न करता तासांवर करा. उन्हाळ्याकडे नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो, त्यामुळे मार्चमध्ये जायचंच असेल तर जैसलमेरहून बिकानेरकडे जाणं सोयीचं. हिवाळ्यात तो बहुधा ईशान्येचा आणि मवाळ असतो. जैसलमेरभोवती पवनचक्क्यांची रांगच आहे. त्यांचं तोंड जिकडे, वारा तिकडून, हे नाश्ता करता करता बघता येतं.

सपाटीचा दुसरा त्रास कुणी सांगत नाही. उतार नाही म्हणजे पायडल मारणं थांबत नाही, बूड सीटवरून उठत नाही. त्यात वाळलेल्या घामाचं मीठ चड्डीच्या आत कातडी घासतं. दर वीस मिनिटांनी मुद्दाम उभं राहून चालवा आणि चड्डी रोज धुवा.

पंक्चर

इथली खरी वैरीण विलायती म्हणजे वेडी बाभूळ, आणि जोडीला सराटे. सावली दिसली म्हणून सायकल ढकलत झुडपाखाली नेली की दोन्ही चाकं बसतात. उचलून न्या. ट्यूब बदलताना टायर आतून बोटाने हळूच चाचपा, मोडलेलं काट्याचं टोक तिथेच असतं. नुसते चिकटवायचे पॅच उन्हात सुटतात. सोल्यूशनची ट्यूब मात्र न फोडलेली हवी, उघडलेली वाळून जाते. उन्हाने टायर फुटेल या भीतीने दुपारी हवा सोडण्याचीही गरज नाही. २५ अंशांचं ५५ झालं तरी टायरमधला हवेचा दाब ६० पीएसआयवरून फार तर ६७ वर जातो.

ऊन लागलं तर

सोबती अडखळतोय, चिडतोय, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देतोय, अशा वेळी ‘घाम येतोय ना, मग उष्माघात नाही’ असं म्हणू नका. श्रमाने झालेल्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. १०८ ला फोन लावा आणि गाडीची वाट बघत न बसता त्याला तिथेच गार करा. गावाजवळ असाल तर गुरांच्या पाण्याचा हौद उत्तम. डोकं वर धरून मानेपर्यंत बसवा, एकाने सतत धरून ठेवा. हौद नसेल तर होतं नव्हतं ते पाणी अंगावर ओता आणि जोरात वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तासाभरात तो ‘आता बरं वाटतंय, निघू या’ म्हणेल. त्याचं ऐकू नका. त्याला तपासून घ्या, आणि सायकल बसच्या टपावर टाका.