हंड्यावरच्या दोन अक्षरांचा माग

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची १६० चौरस फुटांची खोली रिकामी करताना माळ्यावरून तांब्याचा हंडा खाली उतरवला. कित्येक वर्षं त्यात गोधड्या कोंबलेल्या असायच्या, त्यामुळे भांडं म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, ‘सौ. चं. धों.’ आणि पुढे आमच्या गावाचं नाव. धों. म्हणजे धोंडू, माझे पणजोबा. राजापूर तालुक्यातून मुंबईला येऊन लालबागच्या गिरणीत लागलेले. पण माझ्या पणजीचं नाव ‘र’पासून सुरू होतं. मग ही ‘चं.’ कोण?

मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. नोकरीची सगळी वर्षं जनरल रजिस्टर हाताळण्यात गेली, म्हणून नोंदी कशा लिहिल्या जातात आणि कुठे चुकतात हे थोडंफार कळतं. तरीही या बाईचा पत्ता लागायला मला सव्वा वर्ष लागलं. तुमच्याही घरात असं एखादं माणूस हरवलं असेल तर माझं ऐका. कागदांच्या मागे लागण्याआधी घरातल्या वस्तू नीट बघा.

जुनं भांडं मिळालं की लगेच चिंच लावून घासायला घेऊ नका. कोरलेले ठिपके आधीच झिजलेले असतात. चिमूटभर गव्हाचं पीठ त्यांवर चोळा आणि वरवरचं फडक्याने पुसा, म्हणजे अक्षरांत पांढरं राहतं. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च बाजूने, अगदी भांड्याला टेकवून धरा आणि मग फोटो काढा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. ‘सौ.’ असेल तर कोरलं तेव्हा नवरा हयात होता. ‘यांजकडून’ असेल तर देणाऱ्याचं नाव मिळालं. गाव माहेरचं आहे की सासरचं, तेही बघून ठेवा.

नंतर फोटो. आमच्याकडे पणजी-पणजोबांचा एकच आहे, परळच्या एका स्टुडिओत काढलेला. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फाटतो. काचेसकट जरा तिरका धरून मोबाईलने टिपा. मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असतो, तोही घ्या. आणि मोठं करून बघाल तेव्हा चेहऱ्यावर थांबू नका, गळा, हात, पायातली जोडवी बघा. पणजीच्या मंगळसूत्राखाली काळ्या दोऱ्यात चांदीचा लहानसा पत्रा दिसत होता. मला वाटलं ताईत असेल. आत्याला फोटो दाखवला तर ती चटकन म्हणाली, “ताईत कसला, सवतीचा टाक असेल तो!”

पहिली बायको गेली की तिची प्रतिमा उमटवलेला टाक दुसरीने गळ्यात घालायचा, अशी रीत आपल्याकडे कितीतरी घरांत होती. म्हणजे माझी पणजी ‘चं.’ला गळ्यात घेऊन आयुष्यभर वावरली आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. त्या रात्री मी तो फोटो परत परत उघडून बघत होते.

म्हाताऱ्या माणसांना तारखा विचारू नका, त्या त्यांना आठवत नाहीत. “मानमोडीच्या आधी का नंतर?” असं विचारा. मानमोडी म्हणजे १९१८ची साथ. मुंबई इलाख्यात तिने सप्टेंबर-ऑक्टोबरात कहर केला होता. गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४चा, रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. अशा खुंट्यांना लग्नं, बाळंतपणं, मरणं अडकवत गेलात की वर्षं आपोआप जुळतात. आत्याला तिच्या आईचं लग्न ‘रामदास बुडाली त्याच्या आदल्या वर्षी’ असं आठवत होतं.

आणि स्वयंपाकघराबद्दल विचारा. हे मला फार उशिरा सुचलं. पितृपक्षात पान कोणत्या तिथीला वाढायचे? आत्या म्हणाली, लहान असताना नवमीला एक सवाष्ण जेवायला यायची, तिची खणानारळाने ओटी भरायचे. मग आजोबा वारले आणि ते बंद झालं. ती अविधवा नवमी! नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी ती तिथी असते, आणि पुष्कळ घरांत नवरा असेपर्यंतच पाळतात. आत्याचे आजोबा म्हणजेच धोंडू. हंडा, टाक, नवमी, तिन्ही एकाच बाईकडे बोट दाखवत होते. शिवाय आत्याने एक ऐकीव गोष्ट सांगितली, “मानमोडीत आमच्या घरातली एक गेली म्हणायचे.”

आता कागद. गावचे जन्ममृत्यू पूर्वी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना नंबर १४ मध्ये लिहीत. ही बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडतात. अर्जात गाव, आडनाव आणि चार-पाच वर्षांचा पट्टा लिहा. ‘जुनी नोंद मिळावी’ एवढ्यावर कोणी शोधत बसत नाही. नोंदी बहुतेक मोडीत असतात. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, पण तेवढा वेळ नसेल तर जाणकाराकडून फक्त तुमचं आडनाव, गाव आणि घरातली चार नावं मोडीत लिहून घ्या. तेवढे आकार डोळ्यांत बसवले की पानं स्वतःला चाळता येतात. नोंदीत शकाचं साल असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, फसली म्हणजे जुनं महसुली साल असेल तर ५९०. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो.

आमची नोंद ऑक्टोबर १९१८ची निघाली. धोंडूची बायको, वय २०, ताप. नाव नाही. पुढच्या दोन ओळींतही तसंच, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, ताप, ताप. त्या पानावर एकाही बाईचं नाव लिहिलेलं नाही. मला राग आला, वाईट वाटलं, आणि त्याच दिवसापासून माझी शोधायची पद्धतही बदलली. जिचं नाव कागदावर चढलं नाही, तिला तिच्या शेजारच्या माणसांत शोधायचं. नवरा, भाऊ, मुलगी, जावई.

त्यासाठी सातबारा आणि फेरफार, म्हणजे जमिनीचे हक्क बदलल्याच्या नोंदी, यांच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. सातबाऱ्यावर वर्तुळांत आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. आजच्या उताऱ्यापासून सुरुवात करा, एकेक नंबर पकडून मागे जा, आणि प्रत्येक ‘वारस’ नोंद अथपासून इतिपर्यंत वाचा. जुने स्कॅन केलेले उतारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर बघायला मिळतात. तिथे नसतील तर तलाठी किंवा तहसील. फक्त कब्जेदारांची नावं वाचून उतारा मिटवू नका. ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. विधवा, सासरी गेलेल्या बहिणी, मुली तिथे बसवलेल्या असतात. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा झाल्यानंतरच्या वारस नोंदींत तर मुली हमखास शोधाव्यात.

पणजोबा १९५८ला गेले. त्यांच्या वारस फेरफारात माझे आजोबा, त्यांचा भाऊ, पणजी, आणि शेवटी एक ‘विवाहित मुलगी, वय ४४’, सासरच्या नावाने, गाव लांजा तालुक्यातलं. १९५८ला ४४, म्हणजे जन्म १९१४च्या आसपास. माझी पणजी लग्न होऊन आली ती मानमोडीनंतर. ही मुलगी ‘चं.’ची! आई गेली तेव्हा चार वर्षांची असणार. आमच्या घरात तिचं नाव कोणी कधी काढलं नव्हतं.

सगळीकडे असं यश येत नाही. गिरणीचे कागद आम्हाला मिळाले नाहीत. तुमच्याकडे कोणी म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी अर्ज केला असेल तर ती फाईल मात्र जरूर बघा. तिकीट नंबर, सेवेचा दाखला, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी एकाच जागी सापडते. नाशिकला क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या वह्या गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात, मोठ्या आशेने गेले होते; आमच्या पानावर पणजोबांबरोबर दुसऱ्या बायकोचंच नाव होतं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे वतन, इनाम किंवा सरकारी चाकरी असलेल्या घराण्यांनी आधी जावं. मृत्यू मुंबईत झाला असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा. लालबाग-परळ एफ साऊथमध्ये, वरळी जी साऊथमध्ये.

शाळेच्या रजिस्टरबद्दल माझ्या अनुभवातली एक गोष्ट. १ जून ही जन्मतारीख दिसली की तिच्यावर विसंबू नका. पूर्वी तारीख माहीत नसली की शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तीच लिहून टाकत. रजिस्टर नंबर, पत्ता, पालकाचं नाव आणि आधीची शाळा, यांच्यावर जास्त भरवसा ठेवा. आडनावाचं स्पेलिंग म्हणजे क्लार्कच्या कानाला जे ऐकू आलं ते, म्हणून मी एका आडनावाची पाच-सहा रूपं लिहून घेऊन मगच शोधायला बसते.

लांज्याच्या त्या घराचा नंबर गावाच्या मुंबई मंडळातून मिळाला. फोन करण्याआधी मी आठवडाभर विचार केला, तुम्हीही करा. फेरफार हातात घेऊन अनोळखी नातेवाईक आला की समोरच्याला जमिनीची भीती वाटणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, “जमिनीचं काही काम नाही हो. आमच्याकडे एक हंडा आहे, तो कोणाचा एवढंच विचारायचंय.” हंड्याचा फोटो पाठवला, उताऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. त्या मुलीचा मुलगा, वय ८७, नालासोपाऱ्याला राहतात. मी नाव विचारायच्या आधी म्हणाले, “चंद्रभागा. माझ्या आईची आई. आईला आपल्या आईचा चेहरा आठवत नसे, पण नाव रोज घ्यायची.”

मी त्यांच्या घरी हंडा घेऊनच गेले. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, मग सुनेला हाक मारून हळदकुंकू मागवलं. हंडा आता त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे पिठाने उजळलेल्या अक्षरांचा फोटो आहे. त्याची छापील प्रत काढून मागे मऊ पेन्सिलीने नाव, नातं आणि हंडा कोणाकडे आहे ते लिहिलंय. बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला उमटतं. ती प्रत पणजीच्या फोटोशेजारी, एकाच पाकिटात ठेवली आहे.