दमलेल्या दिवसाच्या मापाची सवय

खाण्यापिण्याचे आणि व्यायामाचे बेत आपण बहुतेक वेळा रात्री आखतो, पोट भरलेलं असताना. उद्यापासून पहाटे पाचला उठायचं, तासभर धावायचं, गोड आणि तळलेलं कायमचं बंद. पहिला आठवडा दणक्यात जातो. दुसऱ्यात कामाचा गोंधळ होतो, तिसऱ्यात बूट कपाटात जातात. मी स्वतः असे सहा-सात श्रीगणेशा केले आहेत. बेत उत्साहाच्या दिवसाचं माप घेऊन शिवलेला असायचा आणि अंगात घालायचा दमलेल्या दिवशी. तो बसणार कसा?

आधी चार दिवस नुसतं लिहा

काय खाल्लं, किती वाजता, आणि तेव्हा खरंच भूक होती का, एवढंच. काही बदलू नका, लाजही बाळगू नका. माझ्या वहीत चौथ्या दिवशी एक गोष्ट उघडी पडली. जेवणं ठीकच होती. पण संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच हात खाऊच्या डब्यात जायचा आणि उभ्या उभ्या अर्धा डबा संपायचा. कारण साधं होतं: दुपारच्या जेवणानंतर सहा तास पोटात काही नसायचं. म्हणजे दुरुस्ती डब्यात नव्हती, दुपारी चारच्या एका फळात आणि मूठभर शेंगदाण्यांत होती. तुमची गळती दुसरीकडे असेल. ती सापडल्याशिवाय पथ्य सुरू करू नका.

खाण्यातला एक बदल, हालचालीतला एक

दोनच. आणि ते इतके लहान की अंगात कणकण आणि डोक्यात वैताग असतानाही जमावेत. दहा मिनिटं चालणं चालेल, पाऊण तास नको.

प्रत्येक बदल रोज आपोआप होणाऱ्या कशाला तरी बांधून टाका. ‘रोज चालेन’ हे वाक्य हवेत राहतं. ‘जेवून ताट उचललं की बूट घालायचे’ याला खुंटी असते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशा ठरावांचा बराच अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात, असं त्यात दिसलं. शिवाय जेवणानंतर थोडं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते, हा वरचा फायदा.

घराची मांडणी बदला

बूट दाराशी, डबा वरच्या फळीवर, धुतलेली फळं डोळ्यांसमोर. हे पाच मिनिटांचं काम आहे, आजच उरकून टाका.

ताटाचा हिशेब

उष्मांक मोजत बसणं फार थोड्यांना झेपतं. मला नाही झेपलं. त्याऐवजी ताटाकडे बघा: अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, पाव भागात शक्यतो कोंडा न काढलेलं धान्य, उरलेल्या पाव भागात डाळी, कडधान्यं, अंडी, मासे असं काही प्रथिनांचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते (बटाट्यासारखे कंद त्यात धरत नाहीत), आणि मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्याच्याही आत. हे मीठ नुसतं वरून घेतलेलं नव्हे. पाकिटबंद खाण्यातलंही त्यातच आलं.

कशावरही कायमची बंदी घालू नका. बंदी घातलेला पदार्थच दिवसभर डोळ्यांसमोर नाचतो. गोड खायचंय ना, मग बसून, वाटीत काढून, चवीनं खा.

व्यायाम हळूहळू चढवा

मोठ्यांसाठी याच संघटनेचं २०२० चं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे काय? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सलग दहा मिनिटं झाली तरच हालचाल मोजायची, ही जुनी अट या वेळी काढून टाकली आहे, त्यामुळे जिन्याचे दोन मजलेही जमेत धरा.

दहा हजार पावलांचं दडपण मात्र घेऊ नका. हा आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून पसरला, कुठल्या वैद्यकीय नियमातून नाही.

ताकदीच्या व्यायामाला यंत्रं लागत नाहीत. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला तळहात टेकवून दहा वेळा जोर काढा. पहिल्या खेपेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील. ते साहजिक आहे. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा. हृदयविकार, मधुमेहाची औषधं किंवा गरोदरपण असेल तर सुरू करण्याआधीच त्यांना विचारा.

खाडा पडणार, हे धरूनच चाला

एकवीस दिवसांत सवय लागते, असं सगळे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ मध्ये ९६ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत भागलं, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांवर गेला. त्यातलाच एक निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो: अधूनमधून एखादा दिवस चुकला म्हणून सवय मुरण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून मी एकच नियम ठेवलाय, लागोपाठ दोन खाडे नाहीत. दुसऱ्या दिवशी अगदीच जमत नसेल तर बूट घालून फाटकापर्यंत जाऊन यायचं. हसू येतं, पण फाटकापर्यंत गेलेला माणूस बरेचदा पुढेही जातो. कॅलेंडरवर फुली मारायची ती तेवढ्यालाही.

वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. पाणी आणि मिठामुळे एका दिवसात किलोभर इकडे-तिकडे सहज होतं आणि उगाच मूड जातो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट रिकामं असताना बघा.

आजारपण किंवा प्रवासानं दोन-तीन आठवड्यांची सुट्टी पडली, तर जिथे सोडलं तिथून उचलू नका. अर्ध्या तासावर पोचला होतात ना? पहिले चार दिवस पंधराच मिनिटं चाला, मग वाढवा.