शास्त्रपाठाची मननवही: काय वाचावं, काय लिहावं

रोज बायबल वाचायचं ठरलं की बरेच जण १ जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करतात. प्रोटेस्टंट बायबलचे अध्याय १,१८९. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. रोज तीन धरले तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० महिनाभरात होतात आणि पुढ्यात लेवीय हे तिसरं पुस्तक येतं. होमार्पणं, शुद्ध-अशुद्धाचे नियम. गाडी अडते ती इथंच.

मनन लिहायचं, म्हणजे वाचलेल्यावर विचार करून वहीत टिपायचं असेल, तर मार्कपासून सुरुवात करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांतलं, म्हणजे शुभवर्तमानांतलं, १६ अध्यायांचं सगळ्यात छोटं. रोज १०-१५ वचनं घेतली की साधारण दोन महिन्यांत होतं. कॅथलिक घरात निवडीचा प्रश्नच नाही. त्या दिवसाच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) वाचला जाणारा शुभवर्तमानाचा भाग घ्यायचा.

वही नागपुरात बर्डीवर मिळणारी साधी रेघांची घ्या. तारखा छापलेली डायरी नको, कारण चार दिवस चुकले की ती कोरी पानं टोचत राहतात. तारीख हातानं घाला. बायबलात खुणा पेन्सिलीनं करा; पान इतकं पातळ असतं की शाईचा पेन मागच्या बाजूला उतरतो. मे महिन्यात कुलरसमोर बसू नका. पानं उडतात ते वेगळंच, ओल्या हवेनं ती लाटांसारखी वाकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी साडेपाचची वेळ बरी.

आता मार्क ४:३५-४१ (चौथा अध्याय, वचनं ३५ ते ४१) घ्या, येशूनं वादळ शांत केल्याचा भाग. सातच वचनं. एकदा मनात वाचा, एकदा मोठ्यानं. मग वहीत तीनच गोष्टी लिहा: डोळ्यात भरलेलं एक वचन, त्यात नेमकं काय घडलं, आणि आज त्यावरून काय करायचं.

चुकतं ते दुसऱ्या गोष्टीत. ‘प्रभू माझ्या जीवनातलं वादळ शांत करतो’ हे वाक्य बायबल न उघडताही लिहिता येतं. ते खोटं नाही, पण ते मनन नव्हे. नीट पाहिलं तर ३८व्या वचनात येशू उशीवर झोपलेला आहे आणि शिष्य मदत मागत नाहीत, तक्रार करतात: आम्ही बुडतोय, तुला काही वाटत नाही का? वादळ शमल्यावर, ४१व्या वचनात, ते फार घाबरतात. भीती शांततेनंतरही आहे! हे टिपलं की तिसरी ओळ आपोआप नेमकी होते. ‘विश्वास वाढवीन’ असं मोघम नको. ‘जी तक्रार चार जणांत करतोय ती आज प्रार्थनेत मांडीन’ असं लिहा, म्हणजे संध्याकाळी केलं की नाही ते कळेल.

दिवस चुकला तर दुप्पट वाचून भरपाई करू नका. जिथं थांबलात तिथून पुढे. मोठा भाग आला तर तोडा: स्तोत्र ११९ ची १७६ वचनं मुळातच आठ-आठांच्या २२ भागांत आहेत, रोज एक भाग पुरे.

फोनवरचं बायबल दोन भाषांतरं शेजारी ठेवून पाहायला उत्तम, रोजच्या वाचनाला नाही. मधेच व्हॉट्सॲप वाजतं.

न समजलेलं वहीच्या शेवटच्या पानावर संदर्भासकट लिहा. रविवारी ऑल सेंट्स कॅथेड्रलला उपासना असो की सेंट फ्रान्सिस डी सेल्सला मिस्सा, संपल्यावर पाळकांना किंवा फादरांना त्यातला एकच प्रश्न विचारा. उत्तर त्याच ओळीखाली लिहून ठेवा.