इंग्रजी येतं, पण समोरच्याला कळत नाही? उच्चारातल्या या चुका टाळा

पुण्यात इंग्रजी बोलताना अडखळणारी मुलं इंग्रजीत कच्ची असतातच असं नाही. व्याकरण पक्कं असतं, वाचन असतं, लेखी परीक्षेत गुणही चांगले असतात. तरी हिंजवडीतल्या कंपनीत परदेशी क्लायंटचा कॉल आला की पलीकडून दोनदा ‘सॉरी?’ ऐकू येतं आणि पुढचं वाक्य घशातच अडकतं. मग क्लास लावला जातो आणि तिथे बहुतेकांची गाडी ॲक्सेंटकडे वळते. ‘वॉटर’चं ‘वॉडर’ करायचं, जीभ गुंडाळून ‘र’ काढायचा. यात वेळ घालवू नका. मराठी वळणाचं इंग्रजी बोलण्यात अजिबात कमीपणा नाही. अडतं ते काही ठरावीक ध्वनींपाशी, आणि त्याहून जास्त जोर कुठे द्यायचा यापाशी.

जोर भलत्याच अक्षरावर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. मराठीत शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यानं सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तशी सवयच नसते. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे, तो मात्र शब्द ओळखतो तो बऱ्याच अंशी जोरावरून. ‘डेव्हलपमेंट’ म्हणताना आपण पहिल्या ‘डे’वर जोर देतो. तो ‘व्हे’वर हवा: डि-व्हे-लप्-मंट. ‘हॉटेल’ आणि ‘इव्हेंट’मध्ये जोर दुसऱ्या भागावर, ‘इंजिनिअर’मध्ये शेवटच्या ‘निअर’वर. ‘प्रेझेंट’चा पहिला भाग ठासून म्हटला तर भेटवस्तू, दुसरा ठासला तर सादर करणं.

जोर एका जागी आला की बाकीच्या जागा पडेल आवाजात जातात, आणि तिथले स्वर मिटत मिटत आपल्या ‘अ’सारखे होतात. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. ब्रिटिश उच्चारात हे तीन शब्द मोठ्यानं म्हणून बघा: फोटग्राफ (जोर ‘फो’वर), फटॉग्रफर (जोर ‘टॉ’वर), फोटग्रॅफिक (जोर ‘ग्रॅ’वर). मुळाशी शब्द एकच, पण जोर सरकला की प्रत्येक स्वराचं रूप बदलतं. स्पेलिंग बघून प्रत्येक अक्षर सारख्याच ताकदीनं म्हणणाऱ्याला हे कधीच साधत नाही. इंग्रजीत अक्षरं 26, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारात ध्वनी साधारण 44 मानतात, त्यातले 20 स्वर. स्पेलिंगच्या भरवशावर उच्चार बसणार कसा?

उपाय सोपा आहे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शब्दकोश मोबाईलवर फुकट बघता येतो आणि त्यात उच्चार ऐकायलाही मिळतो. तिथे शब्दात वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ दिसते. ती जोर असलेल्या भागाच्या आधी असते, नंतर नाही. नवा शब्द वहीत उतरवताना ती रेघही उतरवा.

‘पिन’ म्हटलं, ‘बिन’ ऐकू गेलं

इंग्रजीत जोर असलेल्या भागाच्या सुरुवातीला प, ट, क आले की त्यांच्याबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. आपला ‘प’ कोरडा असतो, त्यामुळे परदेशी कानाला तो ‘ब’च्या जवळचा वाटतो. पीएमपी बसच्या तिकिटासारखा पातळ कागद ओठांसमोर धरा आणि ‘पिन’ म्हणा. कागद हलला पाहिजे. आता ‘स्पिन’ म्हणा. आधी ‘स’ आला की झोत नको, कागद जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. आपल्याला हे अवघड जाऊ नये, कारण ‘काळा’ आणि ‘खाली’ यांतला फरक आपण बोलायला लागल्यापासून करतो आहोत. फक्त ‘पिन’चा झोत दोन्ही ओठ मिटून काढायचा, खालच्या ओठाला दात लागले की त्याचा इंग्रजी ‘फ’ होतो.

जाता जाता, इंग्रजी ‘ट’साठी जीभ मागे वळवू नका. तिचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्याला टेकवा. ती जागा आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधली आहे.

‘वाईन’ आणि ‘व्हाईन’

दारूची वाईन म्हणताना ओठांचा चंबू हवा, ‘ऊ’ म्हणायच्या तयारीत असल्यासारखा, आणि दात ओठाला लागता कामा नयेत. वेलीची व्हाईन म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवून तिथे गुणगुण जाणवली पाहिजे. मराठीत लिहिताना आपण ‘व्ह’ लिहितो आणि मग ‘युनिव्हर्सिटी’तही ‘ह’ मिसळून म्हणतो. तिथे ‘ह’ मुळीच नाही, आहे ते दात आणि ओठ यांचं घर्षण.

‘मेजर’ की ‘मेझर’

मापाचा ‘मेझर’ आणि लष्करातला ‘मेजर’ अनेक जण एकसारखेच म्हणतात. ‘झीरो’चा पहिला ध्वनी आपल्या ‘जरा’तल्या ‘ज’सारखा काढतात. जवळ जातं, पण ‘जरा’ म्हणताना जीभ वर टेकते, ‘झीरो’ला ती टेकू द्यायची नाही. गळ्यावर बोट ठेवून ‘सऽऽऽ’ लांबवा आणि न थांबता त्यात आवाज मिसळा. बोटाला कंप जाणवला की ‘झीरो’चा ध्वनी सापडला. तसंच ‘शऽऽऽ’ लांबवून आवाज मिसळलात की ‘मेझर’, ‘प्लेझर’ आणि ‘टेलिव्हिजन’मधला ध्वनी मिळतो.

बाकी थोडक्यात

‘हॅप्पी’, ‘सम्मर’ नको. स्पेलिंगमध्ये अक्षर दोनदा असलं तरी उच्चार एकदाच. ‘वर्क’चा भूतकाळ ‘वर्क्ट’, ‘प्ले’चा ‘प्लेड’, आणि शेवटी ट किंवा ड असेल तरच जास्तीचा ‘इड’: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. ‘शिप’ला तोंड सैल आणि जीभ किंचित खाली हवी. ‘थिंक’चा ‘थ’ मराठी ‘थ’सारखा निघाला तरी सहसा समजून घेतात, म्हणून त्याच्या मागे सगळ्यात शेवटी लागा.

‘कॅन’ मात्र नीट जपा. ‘आय कॅन डू इट’ असं ‘कॅन’वर जोर देऊन म्हटलं, तर अमेरिकन माणसाला अनेकदा नकाराचं ‘कॅन्ट’ ऐकू येतं, म्हणजे कामाला होकार दिला आणि पलीकडे नकार पोचला. होकारात ‘कन’ पुटपुटल्यासारखं म्हणा आणि जोर ‘डू’वर द्या. नकारात जोर त्या नकाराच्याच शब्दावर.

सराव कसा होतोय ते बघायला फोनवरचं व्हॉइस टायपिंग वापरा. भाषा इंग्लिश (इंडिया) न ठेवता ब्रिटिश किंवा अमेरिकन ठेवा आणि पिन, बिन, वाईन, व्हाईन असे सुटे शब्द बोला. पूर्ण वाक्य बोललात तर फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चूक झाकली जाते.