लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये जुन्या विलीनीकरणाच्या खुणा शोधताना या चुका टाळा

मुंबईतील आम्ही काही हौशी निरीक्षक गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी एकत्र बसतो आणि सार्वजनिक सर्वेक्षणांतील प्रतिमा उघडून जवळच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती जुन्या विलीनीकरणाच्या, म्हणजे दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्याच्या, खुणा शोधतो. सुरुवातीच्या काळात एका दीर्घिकेच्या ईशान्येस आम्हाला एक सुबक, फिकट कमान दिसली आणि जवळजवळ पंधरा दिवस आम्ही ती एखाद्या गिळंकृत झालेल्या लहान दीर्घिकेची शेपटी आहे असे समजून तिची मोजमापे घेत राहिलो. पुढे दुसऱ्या दुर्बिणीची प्रतिमा उघडली, तेव्हा त्या जागी काहीच नव्हते. जवळच्या एका तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश कॅमेऱ्याच्या भिंगांमध्ये परावर्तित होऊन ती कमान उमटली होती. नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांचे पंधरा दिवस वाचावेत, यासाठी आमच्या आणि आमच्यासारख्या इतरांच्या हातून वारंवार होणाऱ्या चुका येथे नोंदवीत आहे.

या चुका का होतात हे एका हिशेबावरून कळते. अतिशय काळोख्या ठिकाणच्या आकाशाची स्वतःची उजळी दर चौरस विकलेमागे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सुमारे २२ प्रतीची असते (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी उजळी कमी), तर आपण शोधत असलेल्या कवचांची, म्हणजे दीर्घिकेभोवतीच्या फिकट कमानींची, आणि शेपट्यांची उजळी बहुधा २६ ते २८ प्रतीच्या आसपास असते. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट, म्हणजेच या खुणा त्यांच्या पाठीमागच्या आकाशापेक्षा चाळीस ते अडीचशे पट मंद असतात. त्यामुळे आकाशाची उजळी वजा करताना केवळ एक टक्का चूक झाली, तरी त्या चुकीचा ठसा २७ प्रतीच्या खऱ्या खुणेइतकाच ठळक उमटतो.

आकाश वजा करताना

मोठ्या सर्वेक्षणांची स्वयंचलित प्रणाली प्रतिमेचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची पार्श्वभूमी ठरवते. चौकोन दीर्घिकेपेक्षा लहान असेल, तर दीर्घिकेचा बाहेरचा विरळ प्रकाशच आकाश समजून काढून टाकला जातो, दीर्घिकेभोवती एक काळसर खंदक तयार होतो आणि त्या खंदकाची बाहेरची कड एखाद्या फिकट कड्यासारखी भासते. असे कडे दिसल्यास प्रथम त्याच्या आतील भागाची उजळी दूरच्या मोकळ्या आकाशापेक्षाही कमी आहे का, हे मोजावे. तशी असल्यास ते कडे दीर्घिकेचे नाही. जवळच्या, आकाशात अनेक कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पसरलेल्या दीर्घिकांबाबत ही तपासणी कधीही वगळू नये.

वांगणी किंवा नेरळकडे जाऊन स्वतः प्रतिमा घेणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. तेथे वायव्येकडून बदलापूर-कल्याणची आणि त्यामागे मुंबईची उजळी चढत येते, म्हणून प्रतिमेच्या एका बाजूचे आकाश दुसऱ्या बाजूपेक्षा उजळ होते आणि हा उतार काढण्यासाठी सॉफ्टवेअरमधील साधन वापरावे लागते. त्या साधनाला द्यायचे नमुना-बिंदू दीर्घिकेच्या अगदी जवळ ठेवले, तर आकाशाबरोबर दीर्घिकेचा प्रभामंडलही, म्हणजे तिच्याभोवतीचा विरळ प्रकाशही, उतार म्हणून वजा होतो आणि उरलेला वेडावाकडा भाग विलीनीकरणाचा पसारा वाटू लागतो. बिंदू दीर्घिकेपासून शक्य तितके दूर ठेवावेत आणि त्यांची जागा बदलून तीच प्रक्रिया पुन्हा करावी. बिंदूंबरोबर हलणारी खूण आपणच निर्माण केलेली असते.

घोस्ट आणि आपल्याच आकाशगंगेची धूळ

तेजस्वी ताऱ्याचे घोस्ट, म्हणजे भिंगांतील परावर्तनाने उमटलेली खोटी आकृती, ओळखणे तुलनेने सोपे असते. त्याचे वर्तुळ बहुधा त्या ताऱ्याभोवती किंवा ताऱ्यापासून कॅमेऱ्याच्या मध्याकडे सरकलेले असते, त्याच प्रतिमेतील इतर तेजस्वी ताऱ्यांभोवतीही तेवढ्याच आकाराची वर्तुळे आढळतात आणि दुसऱ्या दुर्बिणीच्या प्रतिमेत ती दिसत नाहीत. आमची कमान या तिन्ही कसोट्यांवर उघडी पडली असती, परंतु त्या वेळी आम्ही एकही कसोटी लावली नव्हती.

धुळीचे तसे नाही. आपल्या आकाशगंगेतील धुळीचे विरळ ढग ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करतात, लांबट तंतूंसारखे दिसतात आणि खरोखर आकाशात असल्यामुळे प्रत्येक दुर्बिणीत दिसतात. खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांनी १९६५ मध्ये एम ८१ या सर्पिल दीर्घिकेजवळ एक भव्य कमान नोंदवली होती. ती शेजारच्या दीर्घिकांच्या ओढाताणीतून निर्माण झाली असावी असे दीर्घकाळ मानले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून मात्र तिचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा असल्याचे स्पष्ट झाले. विलक्षण दीर्घिकांचा ३३८ नोंदींचा प्रसिद्ध संग्रह १९६६ मध्ये ज्यांनी सिद्ध केला, त्या आर्प यांच्या नजरेलाही जी कमान दीर्घिकांची वाटली, तिच्यासारखी एखादी आपण केवळ दृश्य प्रकाशातील प्रतिमेवरून ओळखू, असा भरवसा धरणे योग्य नव्हे. यावर उपाय म्हणजे त्याच भागाची अवरक्त प्रतिमा पाहणे. १९८३ च्या आयरास उपग्रहाच्या १०० मायक्रॉनच्या नकाशात धूळ दिसते, पण त्याचा तपशील काही कलांपेक्षा बारीक नसतो. वाइज दुर्बिणीच्या १२ मायक्रॉनच्या प्रतिमेत बारीक तंतूही वेगळे दिसतात. दृश्य प्रकाशातील कमान आणि अवरक्तातील तंतू एकमेकांवर बसले, तर शोध तेथेच थांबवावा.

अनशार्प मास्क आणि मॉडेल

अनशार्प मास्कचे तंत्र, म्हणजे प्रतिमेची धूसर केलेली आवृत्ती मूळ प्रतिमेतून वजा करून बारीक तपशील उठावदार करणे, या विषयात मोलाचे ठरले आहे. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅलिन यांनी छायाचित्रांच्या काचपट्ट्यांवर ते वापरले, डेव्हिड कार्टर यांच्यासह १९८० मध्ये लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीच्या भव्य कवचांकडे लक्ष वेधले आणि १९८३ मध्ये अशा १३७ दीर्घिकांची यादी प्रसिद्ध केली. तथापि, हेच तंत्र घाईने वापरल्यास दीर्घिकेच्या तेजस्वी गाभ्याभोवती आणि प्रत्येक ताऱ्याभोवती काळी-पांढरी कडी उमटतात, आणि नवशिके त्यांनाच कवचे समजतात. मास्कची (म्हणजे धूसर करण्याची) त्रिज्या १०, २० आणि ४० पिक्सेल अशी बदलून पाहावी. मास्कच्या त्रिज्येबरोबर ज्या कड्याची त्रिज्या वाढते, ते गणिताचे फळ असते. खरे कवच जागचे हलत नाही.

गुळगुळीत लंबवर्तुळाकार मॉडेल वजा करून उरलेली प्रतिमा पाहणाऱ्यांना केंद्राभोवती चार पाकळ्यांची, फुलपाखरासारखी आकृती हमखास भेटते. दीर्घिकेच्या समतेज रेषा (सारख्या उजळीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) अचूक लंबवर्तुळ नसून किंचित टोकदार किंवा किंचित चौकोनी असतात आणि मॉडेलमध्ये त्याची सोय नसते, म्हणून ही आकृती उमटते. तिच्यातून दीर्घिकेच्या घडणीबद्दल काही शिकता येते, परंतु तिला कवच किंवा शेपटी म्हणता येत नाही. कोणतीही प्रक्रिया वापरण्यापूर्वी संगणकावर एक पूर्णतः गुळगुळीत कृत्रिम दीर्घिका तयार करून तिच्यावर तीच प्रक्रिया चालवावी, असा माझा आग्रह आहे. त्या निर्दोष दीर्घिकेतही जे दिसते, ते आपल्या यादीत येऊ देऊ नये.

कवच म्हणजे काय हे न समजता ते शोधणे

अनेकजण कवचांची कल्पना तळ्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखी किंवा एखाद्या स्फोटाच्या लाटेसारखी करतात आणि मग चुकीच्या गोष्टी शोधतात. लहान दीर्घिका मोठीच्या केंद्राजवळून जवळजवळ सरळ आरपार जाते, तेव्हा ती विखुरते आणि तिचे तारे मोठ्या दीर्घिकेत पुढे-मागे हेलकावत राहतात. बागेतला झोका मध्ये वेगाने जातो आणि दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो. शंभर झोके एकाच वेळी हलत असतील आणि त्यांचे छायाचित्र घेतले, तर त्यांतील बरेचसे टोकांपाशी सापडतील. ताऱ्यांचेही तसेच होते. वळण्याच्या जागी त्यांची गर्दी होते आणि ती गर्दी आपल्याला कमानीसारखी दिसते. कमी ऊर्जेचे तारे जवळून लवकर परततात आणि जास्त ऊर्जेचे दूरवर जाऊन उशिरा परततात, म्हणून कालांतराने एकाच दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या अंतरांवर कवचांची मालिका तयार होते.

या समजुतीतून कसोट्या आपोआप मिळतात. खऱ्या कवचाची बाहेरची कड स्पष्ट असते आणि आतल्या बाजूला प्रकाश हळूहळू विरत जातो. त्याचे केंद्र बहुधा दीर्घिकेच्या केंद्रापाशी असते, शेजारच्या ताऱ्यापाशी नसते. आणि एका बाजूच्या कवचाच्या नेमके समोर, तेवढ्याच अंतरावर दुसरे कवच असेलच असे नाही, उलट ती बहुधा आळीपाळीने येतात. वासुकी तारकासमूहातील एनजीसी ३९२३ या दीर्घिकेभोवती वीसहून अधिक कवचे आढळली असून तेथे ही आळीपाळी अभ्यासण्याजोगी आहे. मीन तारकासमूहातील एनजीसी ४७४ ची कवचे मात्र एका अक्षावर नसून सर्व बाजूंना विखुरलेली आहेत, त्यामुळे आळीपाळी दिसली नाही एवढ्यावरून कोणतेही कवच बाद करू नये. नवशिक्यांनी या दोन दीर्घिकांच्या प्रतिमा पुरेसा वेळ देऊन पाहाव्यात. त्यांच्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

एकाच खुणेवर निर्णय देणे

नरतुरंगातील एनजीसी ५१२८ ही सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका एप्रिल-मे महिन्यांत मुंबईहून दक्षिणेस जेमतेम २८ अंश उंचीपर्यंत येते. तिचा ठळक धूळपट्टा पाहून प्रत्येक धूळपट्टा विलीनीकरणाचा पुरावा आहे असे मानण्याचा मोह होतो. तिच्या बाबतीत धूळपट्ट्याबरोबर कवचे, थंड वायू आणि तरुण तारे असे अनेक साक्षीदार एकत्र उभे आहेत. एखाद्या दीर्घिकेच्या गाभ्यातील धुळीची लहानशी तबकडी मात्र तिच्याच वृद्ध ताऱ्यांनी टाकलेल्या द्रव्यातूनही तयार होऊ शकते. अशा द्रव्यातील वायू ताऱ्यांच्याच दिशेने फिरेल अशी अपेक्षा असते. तो तिरका किंवा उलटा फिरत असेल, तर बाहेरून आल्याचा संशय बळकट होतो. म्हणूनच नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींनी टिपलेले हायड्रोजनचे नकाशे उपलब्ध असतील, तर ते जरूर पाहावेत.

गाभ्याच्या वेगळ्या फिरण्यालाही हेच लागू आहे. आयसी १४५९ या दीर्घिकेचा गाभा बाकीच्या दीर्घिकेच्या उलट दिशेने फिरतो. एनजीसी ४३६५ चा गाभाही असाच स्वतंत्र मानला जात असे, परंतु २००८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार तो तीन असमान अक्षांच्या दीर्घिकेतील ताऱ्यांच्या कक्षा एका विशिष्ट कोनातून दिसल्याचा परिणाम आहे. प्रतिमेत शेजारी दिसणारी दुसरी दीर्घिका हा तर सर्वांत कमकुवत पुरावा होय. कन्या या दीर्घिकांच्या समूहात दीर्घिकांचे स्वतःचे वेग इतके मोठे असतात की ताम्रसृतीवरूनही (प्रकाश लाल बाजूला किती सरकला यावरूनही) त्यांची परस्परांतली अंतरे ठरत नाहीत.

खूण नाही म्हणून विलीनीकरण नाही

शेवटची चूक उलट दिशेची आहे. संगणकीय प्रतिमानांनुसार शेपट्या साधारण दोन अब्ज वर्षांत आणि कवचे सुमारे चार अब्ज वर्षांत इतकी विरतात की ती ओळखू येत नाहीत. प्रतिमेची खोली, म्हणजे ती किती मंद प्रकाश टिपते ती मर्यादा, बदलली की आकडेही बदलतात. २००९ मध्ये ५५ जवळच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या अतिशय खोल प्रतिमांत ७३ टक्के दीर्घिकांमध्ये ओढाताणीच्या खुणा आढळल्या. २०१३ मध्ये सर्व प्रकारच्या १,७८१ दीर्घिकांच्या एका अभ्यासात खात्रीच्या खुणा केवळ १२ टक्क्यांमध्ये मिळाल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून एक बरोबर आणि दुसरा चूक असे म्हणता येत नाही, कारण दीर्घिकांची निवड, प्रतिमांची खोली आणि खात्रीची व्याख्या यांपैकी काहीच सारखे नव्हते.

कन्या समूहातील एम ८७ सामान्य प्रतिमेत बाहेरपर्यंत शांत आणि गुळगुळीत दिसते. २०१५ मध्ये तिच्या प्रभामंडलातील सुमारे ३०० ग्रहीय तेजोमेघांचे (वृद्ध ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या चमकत्या वायूच्या ढगांचे) वेग मोजले गेले, आणि त्या वेगांच्या आराखड्यात गेल्या सुमारे एक अब्ज वर्षांत तिच्यात येऊन मिसळलेल्या एका लहान दीर्घिकेचा माग सापडला. हे वाचल्यापासून आम्ही आमच्या नोंदवहीत ‘विलीनीकरण नाही’ हा शेरा लिहिणे बंद केले आहे. आता तेथे ‘खूण आढळली नाही’ असे लिहितो आणि त्यापुढे प्रतिमा कोणत्या सर्वेक्षणाची, कोणत्या फिल्टरची आणि किती प्रतीपर्यंत खोल होती, हे नोंदवतो.