लेकीकडं इंग्लंडला निघालाय? समुद्राकाठचे जुने वाडे आणि बागा अशा बघा

आमच्या साताऱ्यात आता ओळखीतली कितीतरी घरं अशी आहेत की पोरगा नाहीतर पोरगी तिकडं इंग्लंडला, आणि आई-बाबा उन्हाळ्यात दोन-अडीच महिने जाऊन राहून येतात. आमची लेक साउदम्प्टनला असते, आम्ही दोनदा जाऊन आलो, आणि आता जाणारं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच, काकू लंडन झाल्यावर बघायचं काय? म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, एका दिवसात एकच ठिकाण. आपल्याला सवय असते सकाळी वाई, दुपारी पाचगणी, संध्याकाळी महाबळेश्वर अशी, तिकडं तसं करायला गेलात तर नुसती दारं बघून याल. एक घर आणि त्याची बाग बघायला चार-पाच तास आरामात जातात.

दुसरं म्हणजे वेळा. पहिल्या खेपेला आम्ही एका जुन्या घरी सव्वाचारला पोचलो, पाचला बंद होतं म्हणजे पाऊण तास आहे असा आमचा हिशोब, तर दारावरची बाई म्हणाली शेवटची एंट्री चार वाजता झाली, आता फक्त बाग बघा. दीड तासाचा प्रवास करून गेलेलो. तेव्हापासून आदल्या रात्री लेकीला वेबसाइट उघडायला लावते आणि तीन गोष्टी बघून घेते, घर त्या वारी उघडं आहे का, शेवटची एंट्री किती वाजता, आणि तिकिटावर ठरावीक वेळ घ्यावी लागते का. बऱ्याच ठिकाणी बाग वर्षभर उघडी पण घर हिवाळ्यात बंद असतं, त्यामुळं एप्रिल ते सप्टेंबर जाणं चांगलं. ऑनलाइन बुकिंगचा कंटाळा करू नका, आपण कासला जाताना करतोच की.

आता पैशाचं. तिकडं अशा जागा सांभाळणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत, नॅशनल ट्रस्ट, जी १८९५ सालापासून आहे, आणि इंग्लिश हेरिटेज, आणि ह्या दोन्ही वेगळ्या आहेत हे डोक्यात ठेवा, एकीचं कार्ड दुसरीकडं चालत नाही. आपण बाहेरनं आलेलो असलो तर इंग्लिश हेरिटेजचा ओव्हरसीज व्हिजिटर पास मिळतो, ९ दिवसांचा किंवा १६ दिवसांचा, त्यात मी पुढं सांगितलेली ऑस्बोर्न हाउस आणि डोव्हरचा किल्ला ही दोन्ही येतात. तीन-चार ठिकाणं करणार असाल तरच घ्या, एकाच जागेसाठी साधं तिकीट बरं. सप्टेंबरपर्यंत राहणार असाल तर हेरिटेज ओपन डेज म्हणून असतात, त्या दिवसांत एरवी बंद असणाऱ्या किंवा तिकीट लागणाऱ्या कितीतरी जुन्या वास्तू फुकट बघायला मिळतात. आणि रेल्वेचं सीनियर रेलकार्ड विसरू नका, वय ६० च्या पुढं असलं की झालं, पासपोर्ट दाखवून काढता येतं आणि तिकिटाला एक तृतीयांश सूट मिळते, फक्त सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना काही भागात चालत नाही.

आता ऑस्बोर्न हाउस, हे मी सगळ्यांना पहिलं सांगते. हे आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर आहे, व्हिक्टोरिया राणीचं समुद्राकाठचं घर. १८४५ ला तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अल्बर्टनं, ही जागा विकत घेतली, आणि हे वाचताना माझ्या मनात आलं की त्याच वेळी आपले रंगो बापूजी लंडनमध्ये होते, प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ ला साताऱ्याच्या गादीवरनं काढलं त्याची दाद मागत, तेरा-चौदा वर्षं तिथं झगडले आणि हात हलवत परत आले. साताऱ्याच्या माणसानं हे घर बघताना ही गोष्ट मनात घेऊन जावं असं मला मनापासून वाटतं.

साउदम्प्टनहून बोटीनं जायचं, पण इथं एक चूक हमखास होते. फास्ट बोट लवकर पोचवते म्हणून लोक ती पकडतात, पण ती जाते वेस्ट काउसला, आणि घर आहे ईस्ट काउसला, मधे नदी. मग साखळीवर चालणाऱ्या तराफ्यासारख्या फेरीनं नदी ओलांडावी लागते. त्यापेक्षा गाड्या नेणारी मोठी बोट साधारण तासाभरात थेट ईस्ट काउसला सोडते, वर डेकवर बसून समुद्र बघत जाता येतं. उतरल्यावर घरापर्यंत चढ आहे, गुडघे कुरकुरत असतील तर बस घ्या.

आत गेल्यावर दरबार रूमसाठी भरपूर वेळ ठेवा. ही खोली १८९० च्या सुमाराला भाई राम सिंग या लाहोरच्या कारागिरानं घडवली, छत, भिंती, खांब सगळं पांढऱ्या प्लास्टरचं नक्षीकाम, शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. खाली पसरलेला गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला. आमचे हे तर मान वर करून इतका वेळ उभे राहिले की तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी खुर्ची आणून दिली. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकारानं काढलेली भारतीय माणसांची छोटी छोटी चित्रं लावलीत, राजे-महाराजे आहेत पण विणकर, शिपाई, कारागीरही आहेत, आणि त्यात आग्र्याचा बक्षीराम नावाचा शंभरी ओलांडलेला कुंभार आहे. त्याच्यासमोर थांबा. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसते, आणि बाजारात मडकी घेऊन बसणारे आपलेच कुणीतरी आजोबा वाटतात.

मग बागेतनं चालत स्विस कॉटेजकडं जा, नातवंडं बरोबर असतील तर नक्कीच. राणीच्या मुलांना तिथं प्रत्येकाला जमिनीचा तुकडा दिलेला, त्यात भाजी लावायची, आणि पिकलेली भाजी बाप बाजारभावानं विकत घ्यायचा. प्रत्येकाची फावडी-खुरपी वेगळी, त्यावर नावाची अक्षरं, त्यांचे छोटे हातगाडे अजून ठेवलेत. त्याच्या पुढं गेलं की समुद्र, आणि राणी ज्यातनं पाण्यात उतरायची ती चाकाची लाकडी खोली. हे सगळं आवार मोठं आहे, दुपारचं ऊन डोक्यावर नसलं तरी पाय दुखतातच, तेव्हा बूट साधे घाला. याच घरात १९०१ च्या जानेवारीत ती वारली, तो बेडरूमही दाखवतात.

कुठल्याही घरात पाठीवरची सॅक पुढं घ्यायला नाहीतर लॉकरमध्ये ठेवायला सांगतात, राग मानू नका, मागं वळताना जुनी फुलदाणी पडायला वेळ लागत नाही. फ्लॅश मारायचा नाही, खुर्चीवर कार्ड किंवा वाळलेलं बोंड ठेवलेलं असेल तर तिथं बसायचं नाही. आणि प्रत्येक खोलीत जे वयस्कर स्वयंसेवक उभे असतात ना त्यांच्याशी बोला. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, मीही तसंच बोलले, पाटीवर नसतं ते सगळं ही माणसं सांगतात.

खाण्याचं म्हणाल तर बागेत बसून आपला डबा खायला बऱ्याच ठिकाणी चालतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, चहा तिथला घ्या, सोबत स्कोन खा, क्रीम आणि जॅम लावून. उन्हाळा असला तरी पातळ विंडचीटर पाहिजेच, समुद्रावरचा वारा छत्री उलटी करतो.

बागांचं थोडक्यात सांगते. मे महिन्यात गेलात तर ऱ्होडोडेंड्रॉन बघा, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या हेलिगनसारख्या बागांमध्ये झाडंच्या झाडं लाल-गुलाबी झालेली असतात, आणि ही मूळची आपल्या हिमालयातली, जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञानं १८४८ ते १८५० च्या दरम्यान सिक्कीममधनं गोळा केली. गुलाब जूनमध्ये. त्याच कॉर्नवॉलला सेंट मायकेल्स माउंट आहे, समुद्रात टेकडीवर किल्ला, ओहोटीला दगडी वाटेनं चालत जायचं आणि भरतीला वाट पाण्याखाली जाते, मग बोट. आपण घाटावरची माणसं, भरती-ओहोटीचं गणित आपल्याला सवयीचं नाही, तेव्हा निघायच्या आधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघा आणि परतीची वेळ मोबाइलवर अलार्म लावून ठेवा. डोव्हरच्या किल्ल्याला चढ आहे, पण अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्याला जड नाही, खालची युद्धकाळातली भुयारं चुकवू नका, १९४० ला फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य परत आणायचं काम तिथनंच चाललं. पांढऱ्या कड्यांवर फोटोसाठी काठावर जाऊ नका, खालनं चुनखडी पोखरलेली असते आणि वरनं कळत नाही.

शेवटी ब्रायटन. तिथला रॉयल पॅव्हिलियन बाहेरनं बघितला की घुमट, मिनार, वाटतं कुठल्या नवाबाचाच महाल, जॉन नॅशनं १८१५ ते १८२२ मध्ये बांधला, आत मात्र सगळं चिनी थाटाचं. हा नॅशनल ट्रस्टचाही नाही आणि इंग्लिश हेरिटेजचाही नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या जानेवारीपर्यंत इथं आपल्या जखमी शिपायांचं हॉस्पिटल होतं, प्रत्येकाला आपापल्या धर्माप्रमाणं जेवता यावं म्हणून नऊ वेगळी स्वयंपाकघरं केलेली. आमच्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावातल्या माणसांना हे सांगायची गरज नाही की त्या युद्धात कुठल्या कुठल्या गावची पोरं गेली.

त्यातले जे हिंदू आणि शीख जवान तिथं वारले त्यांचं दहन गावाबाहेर टेकडीवर केलं, ५३ जणांचं, आणि त्या जागी १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची छत्री, म्हणजे समाधीवर असते तशी घुमटी, बांधली, मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण आर्किटेक्टनं आखलेली. गाडी तिथपर्यंत जात नाही. ब्रायटनच्या कडेच्या पॅचमपर्यंत बस, पुढं गवताळ टेकडीवरनं पायवाट, आजूबाजूला मेंढ्या, फाटक उघडलं की परत लावायचं. आम्ही गेलो तेव्हा वर दुसरं कुणी नव्हतं, आठ खांबांवरचा घुमट आणि वारा. पायथ्याशी तीन दगडी चौथरे आहेत, चिता जिथं रचल्या तीच जागा. जवळच्या भिंतीवर नावं कोरलीत, ह्यांनी चष्मा पुसून एकेक मोठ्यानं वाचलं, मी बरोबर नेलेले कंदी पेढे कागदावर ठेवले आणि आम्ही थोडा वेळ बसलो. जायचं तर सकाळीच जा, पाण्याची बाटली भरून न्या, वर ना दुकान आहे ना टॉयलेट, आणि पाऊस झालेला असेल तर उतरताना हातात काठी ठेवा.